उंबरठ्याची उंची

घर म्हणजे काय, असा प्रश्न कोणी केला असता, तर चार भिंती, वर छप्पर आणि आत आपली माणसे, असे उत्तर आम्ही परवापरवापर्यंत निःशंकपणे दिले असते. या उत्तरात दाराचा उल्लेखच नाही, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. ते आणून देण्याचे श्रेय आमच्या धाकट्या आतेबहिणीचे.

लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय अधू झाले. आत्याच्या पश्चात ती आमच्याकडे, दादरच्या दुसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडी, राहावयास आली. इमारतीस लिफ्ट नाही, पायऱ्या अडतीस. दवाखाना असो की लग्नकार्य, आम्ही तिला पाठुंगळी घेऊन उतरवीत असू आणि तसेच वर आणीत असू. शेजारीपाजारी कौतुक करीत, आणि खोटे कशाला बोला, त्या कौतुकाने आम्हालाही बरे वाटे. घरी बसून ती मुद्रिते तपाशी, आणि आपला खर्च भागवून चार पैसे शिल्लकही टाकी.

एके दिवशी तिने सरकारी घरांच्या सोडतीची जाहिरात आमच्यापुढे ठेवली. आम्ही दुखावलो. "येथे तुला काय उणे आहे?" असे काहीशा करड्या स्वरात विचारले. ती म्हणाली, "उणे काहीच नाही, दादा. पण खाली उतरावेसे वाटले की आधी तुझी सवड पाहावी लागते."

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला व २०१७ च्या एप्रिलपासून अमलात आला. ज्यांचे अपंगत्व शेकडा ४० वा त्याहून अधिक आहे, त्यांच्यासाठी सरकारी गृहयोजनांत शेकडा ५ आरक्षण असावे आणि त्यातही स्त्रियांना अग्रक्रम मिळावा, असे त्याचे ३७ वे कलम सांगते. त्याच्या बळावर तिला उपनगरात घर लाभले, तेही तळमजल्याचे. तळमजला म्हणताच आम्ही निश्चिंत झालो. ताबा घ्यावयास गेलो, तो इमारतीच्या तोंडाशीच तीन पायऱ्या! आम्ही नेहमीप्रमाणे पाठ वाकवली. ती मात्र आपल्या चाकाच्या खुर्चीतून हलली नाही. "स्वतःच्या घरात तरी मी अशी जाणार नाही," एवढेच बोलून तिने किल्ली आमच्या हाती दिली. आम्ही आत जाऊन खोल्या पाहिल्या आणि बाहेर येऊन तिला त्यांचे वर्णन सांगितले. घराची धनीण बाहेर आणि पाहुणा आत!

तेथून आमचे शिक्षण सुरू झाले. तीन पायऱ्यांची उंची भरली ४५ सेंटिमीटर. खुर्ची स्वतःच्या हातांनी वर न्यावयाची, तर उंचीच्या निदान बारापट लांब उतार हवा. म्हणजे ५४० सेंटिमीटर, जवळजवळ १८ फूट. वळावयास सपाट जागा लागते ती निराळीच. तेवढ्या जागेत रहिवाशांच्या तीन स्कूटरी उभ्या राहत. त्यावर सभासदांच्या दोन सभा झाल्या. "उतार कशाला? उचलायला आम्ही आहोतच की!" असे एक सद्गृहस्थ अगदी सद्भावाने म्हणाले, आणि आम्ही चपापलो. ते वाक्य वर्षानुवर्षे आमचेच होते. अखेर आम्ही उठून उभे राहिलो आणि तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकावे, अशी विनंती केली. ती बोलली, आणि उतार मंजूर झाला.

आतही पुष्कळ करावे लागले. न्हाणीघराचे दार ७५ सेंटिमीटरचे. त्यातून जाताना हाताची बोटे सोलवटत. ते ९० चे केले, आणि आत उघडे ते बाहेर उघडते केले. न्हाणीचा उंबरा काढला, संडासात उंच बैठक बसवून भिंतीला धरावयास दांड्या लावल्या, ओटा खाली घेऊन त्याच्याखाली गुडघ्यांना जागा ठेवली. खर्च तिच्या शिलकेतून झाला. गवंडी म्हणाला, "ताई, बांधतानाच हे केले असते तर एवढे पैसे लागले नसते. निम्मी मजुरी तोडण्यातच गेली." नकाशा नियमांस धरून नसेल तर बांधकामास परवानगी देऊ नये, असे त्याच कायद्याचे ४४ वे कलम बजावते. घर राखून ठेवणारे कलम पाळले गेले. त्या घरात शिरू देणारे कलम मात्र तीन पायऱ्यांखाली राहून गेले.

असो. गेल्या महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो होतो. चहा तिनेच केला. निघताना सवयीने म्हणालो, "तू बस, आम्ही येतो." इतकी वर्षे आल्यागेल्याला ती गॅलरीतूनच निरोप देत आली होती. त्या दिवशी मात्र ती उतारावरून आमच्यापुढे निघाली आणि थेट बसथांब्यापर्यंत आम्हास पोचवावयास आली. वाटेत भाजीवालीशी दोन शब्द बोलली, कोथिंबिरीची जुडी घेतली. बस हलली तेव्हा आमची पाठ मोकळी होती. ते मोकळेपण आम्हास अंमळ बोचले, हेही लपवीत नाही. परंतु ती हात हलवून माघारी वळली, ती कोणाची वाट न पाहता.