लेकीचं इंग्रजी आणि आमचं गणित

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की घराघरांतून जी धावपळ सुरू होते, तिच्यातून तुमच्यापैकी बऱ्याच जणी गेल्या असतील. कोणी मेडिकल म्हणतं, कोणी इंजिनिअरिंग. आमच्या घरी मात्र २०२५ सालच्या मे महिन्यात भलतंच निघालं. लेक म्हणाली, "आई, मला इंग्रजी घेऊन बी. ए. करायचंय."

आता हे ऐकून कुणी दचकावं असं त्यात काय, असं तुम्हांला वाटेल. पण आम्ही मराठवाड्यातली माणसं. 'लातूर पॅटर्न' हा शब्द आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. लेकीला दोन वर्षं लातूरला ठेवलं होतं. खोलीचं भाडं, डबा, क्लासची फी, सगळं 'नीट'साठी. दोन सोयाबीनचे हंगाम त्यात गेले म्हणा ना. ४ मे रोजी तिनं ती परीक्षा दिली, दुसऱ्याच दिवशी बारावीचा निकाल लागला. गुण चांगले होते, आम्ही पेढे वाटले. आणि रात्री जेवताना बाईसाहेबांनी हे सांगितलं.

आमचे 'हे' ताटावरून उठले नाहीत, एवढंच. पण पुढे चार दिवस घरात बोलणं नव्हतं. मग हळूच दुसरी गोष्ट बाहेर आली. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी नावाची सामाईक परीक्षा सुरू झाली आहे. २०२५ साली तिचा अर्ज मार्चमध्येच भरावा लागला, म्हणजे बारावीचा निकाल लागण्याच्याही आधी. लेकीनं तो लातूरला बसून, खाऊच्या पैशांतून भरला होता! मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण एकीकडे वाटलं, आपल्याला विचारून भरायला गेली असती तर मुदत टळून गेली असती, हेही खरंच. ज्यांच्या मुलामुलींच्या मनात असं काही आहे, त्यांनी निकालाची वाट पाहू नये, एवढं मात्र सांगून ठेवते.

आता प्रश्न आला, जायचं कुठे? इथे मला थोडं मागे जायला हवं.

मी बारावी झाले १९९४ साली. तोवर बी. ए.साठी आमच्या सगळ्या मुलखाला विद्यापीठ एकच, औरंगाबादचं, १९५८ साली निघालेलं. त्याच्याही आधी तर मराठवाड्याचा माणूस पदवीसाठी हैदराबादेला उस्मानियात जायचा. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात नाव घातलं तेव्हा ते औरंगाबादच्या विद्यापीठाखाली होतं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, आणि माझी पदवी हातात आली ती या नव्या विद्यापीठाच्या नावाची. भोकर ते नांदेड रोज एस. टी.नं अपडाऊन केलं मी. विषय घेतला होता ऑप्शनल इंग्लिश.

हा 'ऑप्शनल' शब्द नीट ध्यानात घ्या हं. आमच्याकडे बी. ए.च्या प्रत्येकाला कम्पल्सरी इंग्लिश असायचं. त्यात पत्रलेखन, थोडे धडे, थोडं व्याकरण. ऑप्शनल म्हणजे खरं साहित्य: नाटक, कादंबरी, कविता, समीक्षा. आमच्या वर्गात तिसऱ्या वर्षाला आम्ही नऊ जणी-जण उरलो होतो. सर प्रेमळ होते, पण शिकवायचे मराठीतून. ओळ वाचायची, अर्थ सांगायचा, पुढे चालायचं. आम्ही गाइडं पाठ केली, पास झालो. पुढे एम. ए. करायचं मनात होतं. तेवढ्यात स्थळ आलं, आणि तुम्हांला पुढचं सांगायला नको. सासरही भोकरचंच. गेली वीस वर्षं घरी दहावीच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवते. कुठलंही वाक्य द्या, पॅसिव्ह करून देईन.

तर, ह्यांचं म्हणणं असं पडलं की शिकायचंच आहे ना, मग गावातलं दिगंबरराव बिंदू महाविद्यालय काय वाईट? नाहीतर नांदेड. ज्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकरांसारखा माणूस प्राचार्य होता, ते नांदेड काय कमी आहे? बोलण्यात तथ्य होतं. २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, पोर रोज घरी येईल, खर्च जवळजवळ नाहीच. लेकीच्या मनात होतं हैदराबाद. तिथली इंग्रजी आणि विदेशी भाषांची संस्था, म्हणजे इफ्लू. १९५८ साली इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्यासाठी निघालेली ती संस्था, २००७ मध्ये तिचं केंद्रीय विद्यापीठ झालं. जावेनं तिसरंच काढलं: पुणे. पण भोकरचा नकाशा पाहिलात तर पुण्यापेक्षा हैदराबाद आम्हांला कितीतरी जवळ. भैंसा आलं की तेलंगणच.

मी काय केलं, तर आधी नांदेडला जाऊन चौकशी केली. चौकशीत एक गोष्ट कळली, ती मला तीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवी होती. विद्यापीठ निवडायचं असं आपण म्हणतो, पण नांदेडच्या विद्यापीठाच्या विष्णुपुरीच्या आवारात शिकायचं ते मुख्यतः एम. ए.पासून पुढे. बी. ए. करायचं ते त्याच्या संलग्न महाविद्यालयात. पदवीवर नाव विद्यापीठाचं, पण तीन वर्षं मुलगी बसणार त्या महाविद्यालयाच्या वर्गात. म्हणून विद्यापीठाचं नाव नंतर विचारावं, आधी विचारावं ते हे: तिसऱ्या वर्षाला ऑप्शनल इंग्लिशला मुलं किती असतात? शिकवणारे कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती? तास इंग्रजीतून होतो की मराठीतून? जमलं तर एक तास मागच्या बाकावर बसून ऐकावा. आम्ही दोन ठिकाणी ऐकला. एके ठिकाणी माझाच जुना वर्ग भेटला. दुसरीकडे मात्र बाईंनी मुलांना प्रश्नांवर प्रश्न विचारून हैराण केलं होतं, आणि तेही इंग्रजीतून. भोकर-नांदेडला चांगलं मिळतच नाही, असं मी म्हणणार नाही.

त्याच बाईंना भेटलो. त्यांनी लेकीला गुण विचारलेच नाहीत. विचारलं, "शेवटचं इंग्रजी पुस्तक कोणतं वाचलंस?" लातूरला दोन वर्षं बायॉलॉजी पाठ केलेली पोर, गप्पच झाली. बाईंनी कपाटातून एक कादंबरी काढून दिली, म्हणाल्या आठ दिवसांनी ये. चौथ्या दिवशी ती परत द्यायला गेली. नोकरीचंही बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. एम. ए.ला ५५ टक्के, मग नेट किंवा सेट, आणि त्यानंतरही कायम जागेची वाट पाहणं. शाळेत शिकवायचं तर बी. एड. आणि टीईटी. सरकारनं २०२४ मध्ये मुलींना जी शंभर टक्के फी-माफी जाहीर केली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, साध्या बी. ए.साठी नव्हे. हे ऐकून ह्यांचा चेहरा आणखी उतरला.

जूनमध्ये मी आणि लेक हैदराबादला जाऊन आलो. तार्नाक्याला उस्मानियाच्या शेजारीच ती जागा. फाटकापाशी एक मुलगी उभी होती. मला विचारायचं होतं, मुलींचं वसतिगृह कुठे आहे. साधं वाक्य. दहावीच्या पोरांकडून अशी शंभर वाक्यं करून घेतली असतील मी! पण तोंडून शब्द फुटेना. शेवटी हिंदीतून विचारलं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. परतीच्या गाडीत आम्ही दोघीही त्यावर काही बोललो नाही. माझं मन मात्र तिथंच ठरलं.

पण मनं ठरून काय होतं? नांदेडचे प्रवेश जूनमध्येच, आणि सीयूईटीचा निकाल जुलैत. म्हणून नांदेडला फी भरून जागा धरून ठेवली. ते पैसे जातील हे धरूनच भरले. तुम्हांलाही असंच करावं लागेल, तर मूळ कागदपत्रं देण्याआधी परत कधी आणि कशी मिळतील ते विचारून घ्या, आणि टी. सी.च्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. आम्ही एकच काढली होती.

पुढे हैदराबादच्या यादीत नाव आलं, तेही उशिरा. घरात पुन्हा तेच. हे म्हणाले, एकटी पोर, परमुलूख. सासूबाईंनीही सुरुवातीला "कामून जायचं तिकडं?" हाच धोशा लावला होता. पण त्या दिवशी त्या भिंतीकडे पाहत बसल्या. आमच्या बैठकीत माझ्या आजेसासऱ्यांची उस्मानियाची सनद चौकटीत लावलेली आहे. १९१८ साली निघालेलं ते विद्यापीठ उर्दू माध्यमाचं, त्यामुळे ती सनद आमच्या घरात आज कुणालाच वाचता येत नाही. सणाला पुसायची, पुन्हा लावायची. सासूबाई म्हणाल्या, "मामंजी गेलेच होते की हैदराबादेला. ते कुठं परमुलखात गेले असं कुणी म्हणलं नाही. पोरगी जायली म्हणून तो परमुलूख झाला का?"

हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिकिटं काढून आणली. तीन काढली, स्वतःचंसुद्धा.

आता लेक तिकडे आहे. सगळं गोडच आहे असं नाही. पहिले दोन आठवडे रोज रडायची. वर्गातली कित्येक मुलं लहानपणापासून इंग्रजी शाळांत शिकलेली, ही तोंड उघडायला भ्यायची. खर्चाचं म्हणाल तर ह्या वर्षी घराच्या रंगाचं पुढे ढकललं आहे. नांदेडच्या बाईंना ती अजून पत्र, म्हणजे मेसेज, पाठवते, आणि त्या अजून पुस्तकांची नावं सुचवतात.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आई, 'व्हेरी वेल' म्हण." म्हटलं. "चुकलं. त्यातले दोन 'व' वेगळे आहेत. पहिल्याला खालचा ओठ वरच्या दातांना लावायचा, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा." वीस वर्षं इंग्रजी शिकवलं हो मी, पण दोन 'व' आहेत हे कधी कानावर पडलं नव्हतं. तेव्हापासून भाकरी थापताना माझं चालू असतं. दात ओठावर, मग चंबू. काल सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "तोंड आलं का गं? हळद लाव जराशी."