थर्माकोल ठेवा बाजूला, चला गोंदियाला!

दोस्तांनो, 'प्राचीन संस्कृती' हा प्रकल्प शाळेत मिळाला, की पहिली फेरी कुठे होते? स्टेशनरीच्या दुकानात! थर्माकोल, सोनेरी रंगाची बाटली, डिंक. मग रात्री अकरापर्यंत बाबा पिरॅमिड कापतात, आई तो रंगवते आणि तुम्ही खुशाल झोपता. सकाळी पिरॅमिड रिक्षात बसून शाळेत जातो. गुणही मिळतात. पण एवढाले दगड वर चढवले कसे, असं कुणी विचारलं, की पिरॅमिडचे मालक गप्प!

या खेपेला आपण जरा वेगळ्या वाटेने जाऊ या. महाराष्ट्राचा नकाशा काढा आणि पूर्वेच्या टोकाला बोट ठेवा. वर मध्य प्रदेश, उजवीकडे छत्तीसगड. हा गोंदिया जिल्हा. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल, असा हा मुलूख.

तुम्ही म्हणाल, सिंधू संस्कृती कुठे आणि गोंदिया कुठे? खरंय. सिंधूची माणसं इथे आली होती असं काही मी सांगणार नाही. पण त्यांनी ज्या गोष्टी हाताळल्या, त्या माती, पाणी आणि धान्य इथे पावलोपावली आहेत. आणि शिवाय इथे आणखी एक गोष्ट आहे. ती शेवटी सांगतो.

गोंदियात उतरलात की भाताच्या गिरण्या दिसतील. या गावाला 'राईस सिटी' म्हणतातच. गिरणीतून मूठभर तूस मागून घ्या. तूस म्हणजे धानाचं वरचं टरफल. ते कुणी फुकट देईल. आता कुंभारदादांना गाठा आणि मळलेली चिकणमाती मागा. तीन मुठी मातीत एक मूठ तूस कालवा. तळहाताएवढी, बोटभर जाडीची एक वडी थापा. दुसरी वडी नुसत्या मातीची करा. दोन्ही सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. कोणत्या वडीला जास्त भेगा पडल्या, ते वहीत लिहा. मग कुंभारदादांना विनंती करून त्यांच्या आव्यात दोन्ही भाजून घ्या. (घरी गॅसवर भाजायचा उद्योग करू नका हं!)

भाजून आलेली तुसाची वडी मोडा आणि भिंगातून बघा. तूस जळून गेलं, पण त्याचा ठसा राहिला. टरफलावरची बारीक जाळीसुद्धा कधी कधी दिसते. गुजरातमध्ये लोथल आणि रंगपूर इथे मातीत आणि खापरांत असेच तुसाचे ठसे सापडले. त्यावरून अभ्यासकांना कळलं, की चार हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांना धान ठाऊक होतं. भात केव्हाच खाऊन संपला, माणसं गेली, आणि साक्ष दिली कुणी? फेकून दिलेल्या टरफलाने!

मोडलेल्या कडेकडेही नीट बघा. बाहेर लाल आणि मध्ये काळी रेघ दिसली तर लगेच ओळखायचं, की आतपर्यंत पुरेशी हवा पोचली नाही. मातीत लोह असतं. भरपूर हवेत भाजलं की ती लाल होते, हवा कोंडली की काळी. ही युक्ती विदर्भातल्या जुन्या कुंभारांना पक्की माहीत होती. नागपूरजवळ जुनापाणी, माहूरझरी या ठिकाणी मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची ती दफनं. त्यांत जी भांडी मिळतात, त्यांतली काही आतून आणि काठाशी काळी, बाहेरून लाल अशी असतात. भांडं पालथं घालून भाजलं, की असं होऊ शकतं. कुंभारदादांना विचारून बघा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

आता पाणी. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाने दक्षिणेला निघा आणि नवेगावबांध गाठा. टेकड्यांच्या कुशीत पसरलेला हा तलाव कोलू पटेल कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं सांगतात. कोहळी समाजाची तलाव बांधण्यात ख्याती होती. जिल्ह्यात असे जुने तलाव आणि लहान लहान बोड्या पुष्कळ आहेत. पाळीवर उभं राहून खाली पाहा. पाणी वर, बांध्या खाली. पंप नाही, वीज नाही. उताराचा अंदाज एवढा नेमका, की पाणी आपलं आपण शेवटच्या बांधीपर्यंत जावं.

हा उतार तुम्हाला मोजता येईल. गवंडीकाका भिंतीची पातळी बघायला पारदर्शक नळी वापरतात ना, तीच दहा-बारा मीटर लांब घ्या. नळीत पाणी भरा. एक टोक तुमच्या मित्राकडे, एक तुमच्याकडे. दोन्ही टोकांत पाणी एकाच पातळीवर थांबतं. मग दोघांनी आपापल्या पाण्याची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजायची. फरक म्हणजे उतार! मात्र हे तलावाच्या काठाशी नाही, खालच्या पाटाच्या कडेने करायचं, आणि मोठं माणूस सोबत हवंच.

मग कच्छमधल्या धोलावीराचा नकाशा शेजारी ठेवा. सिंधू संस्कृतीचं हे शहर दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये वसलं होतं. ओढ्यांवर बंधारे घालून पाणी वळवायचं आणि शहराभोवतीच्या मोठमोठ्या हौदांत साठवायचं, अशी तिथली रचना. २०२१ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. धोलावीराचे हौद आज कोरडे आहेत, नवेगावबांधचं पाणी अजून धानाला जातं. हा फरक तक्त्यावर ठळक लिहा.

हातात एखादा दिवस जास्त असेल तर शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पवनीलाही जाऊन या. वैनगंगेच्या काठी जुन्या गावाचा मातीचा तट आणि खंदक आहे. १९६९-७० च्या उत्खननात इथे बौद्ध स्तूप मिळाले. मात्र खापराचा तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही! वस्तू जागेवरून हलली, की तिची निम्मी माहिती पुसली जाते. फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, जागा लिहा. दगडांच्या वर्तुळांचंही तसंच. माळावरचे गोटे म्हणून लोक ते बांधकामाला उचलून नेतात आणि एक अख्खं वर्तुळ नाहीसं होतं.

आता ती शेवटची गोष्ट. सिंधूच्या मुद्रा तुम्ही पुस्तकात पाहिल्या असतील. शंखजिरा नावाच्या मऊ दगडावर कोरून मग त्या भाजत. साबणाच्या वडीवर खिळ्याने तुम्हालाही अशी मुद्रा कोरता येते. अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे मातीवर सुलटी उमटतात. पहिली मुद्रा नक्की फसते, म्हणून दोन वड्या घ्या. गंमत अशी, की सिंधूची ती चिन्हं आजवर कुणालाही खात्रीने वाचता आलेली नाहीत. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषेच्या आधाराने ती वाचण्याचा प्रयत्न केला. बहुतेक अभ्यासकांनी तो मान्य केलेला नाही. पण गोंडी भाषा स्वतः मात्र जिवंत आहे, आणि तिची मोठी यात्रा भरते ती याच जिल्ह्यात!

सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनजवळच्या डोंगरात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. पारी कुपार लिंगो यांनी गुहेत कोंडलेल्या मुलांची इथे सुटका केली आणि पुढे कोया पुनेमची शिकवण दिली, अशी गोंड लोकांची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव इथे येतात. 'जय सेवा' म्हणून एकमेकांना भेटतात. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. २०१७ मध्ये ती संगणकाच्या युनिकोडमध्येही आली.

मोहेंजोदडोच्या माणसाला आपण काही विचारू शकत नाही. इथे यात्रेला आलेल्या आजीला विचारू शकतो. आजी, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? पाण्याला, धानाला, आगीला गोंडीत काय म्हणता? तुमच्या वर्गात गोंडी बोलणारी मुलं असतील तर त्यांनाच या प्रकल्पाचं पुढारपण द्या. घरी मराठीच बोलायची सवय लागली, की आजीचे शब्द नातवंडांना येईनासे होतात. असे पन्नास शब्द उच्चारासकट लिहून आणले, तर तो कुठल्याही पिरॅमिडपेक्षा मोठा प्रकल्प, असं मला वाटतं. दुसऱ्या साबणावर त्यांतलाच एक शब्द मसराम लिपीत कोरा.

जाताना दोन गोष्टी सांभाळा. फोटो आणि आवाजाची नोंद विचारल्याशिवाय घ्यायची नाही. ते लोक देवाला आलेले असतात, आपल्या प्रकल्पाला नाही. आणि दरेकसाला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक गोंदिया स्टेशनवरच विचारून घ्या.