औट वाजताचा क्लास

ग्रुपवर मेसेज आला : उद्या क्लास ‘हाल्प झीबन’ला. हाल्प म्हणजे अर्धा, झीबन म्हणजे सात. साडेसात! मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात नेटवर्क मिळतं ते गच्चीवरच. तिथं चटई टाकून साडेसातला फोन लावला, तर सगळे एकमेकांना ‘च्युस’ म्हणत होते. च्युस म्हणजे अच्छा, येतो. ‘हाल्प झीबन’ साडेसहाला असतं म्हणे.

मी जीएनएम झालेली नर्स. २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, १० हजार कुशल तरुण पाठवायचं बोलणं सुरू झालं आणि सोयाबीनच्या भावासोबत जर्मनीही आमच्या पारावर आली. मी जर्मनचा खासगी ऑनलाइन क्लास लावला.

पहिल्याच आठवड्यात घाम फुटला. चमचा ‘डेर’, म्हणजे तो. काटा ‘डी’, ती. सुरी ‘डास’, ते. आणि मुलगी? तीही ‘डास’! मी चिडले. मग आठवलं, आपण तरी पळी ती आणि ताट ते कुठं नियमानं शिकलो? शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून ‘ई’ म्हणायचा एक स्वर आहे. तो घोकताना खालून आई ओरडली, “काय झालं वं, दात दुखते काय?”

आकड्यांनी मात्र दिलासा दिला. एकवीसला ते ‘एक आणि वीस’ म्हणतात. आपल्यासारखाच एकक आधी. एकोणतीसही सरळ ‘नऊ आणि वीस’. आपलं ‘तिसाला एक कमी’ त्यांना शिकवायला गेलं तर तेच पळून जातील.

घड्याळाचं कोडं सुटलं आबांमुळे. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. मी रडगाणं गायलं : ‘हाल्प फिअर’ म्हणजे अर्धे चार, पण वाजलेले असतात साडेतीन.

“मंग औट म्हन ना,” आबा म्हणाले. “तीन पुरे अन् चवथा अर्धा. आमाले औटकीचा पाढा होता.” आणि त्यांनी तो म्हणूनच दाखवला : औट, सात, साडेदहा, चौदा... अडीच म्हणजे तिसरा अर्धा, हेही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं अडीच किलो साखर आणत होते मी!

परवा रविवारचा क्लास ‘हाल्प फिअर’ला होता. तीन वाजल्यापासून आबा जिन्याखाली उभे. “औट वाजाले आले, बाई. जाय वर.”