टक्क्याचं चिन्ह

जळगावात केळी-व्यापाऱ्याकडे हिशेबाला लागून मला दोन महिने झाले होते. रावेर-यावलकडून माल आला की वजन, भाव, हमाली सगळं उबुंटूच्या संगणकावर चढवायचं. रोज रात्री 2 वाजता त्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर आपोआप जावी, हे काम माझ्याकडे आलं.

ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, ओळ लिहिली. मिनिट, तास, तारीख, महिना, वार ही पाच घरं भरली आणि पुढे आज्ञा. प्रतीच्या नावात त्या दिवसाची तारीख यावी अशी सोयही केली. तीच आज्ञा दुपारी हाताने दिली तेव्हा प्रत झाली होती. सकाळी पाहतो तर फोल्डरमध्ये रात्रीची प्रत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. माझा जीव खालीवर होऊ लागला. शेतकरी वजनाची चिठ्ठी घेऊन समोर उभा राहतो, तेव्हा त्याचे पैसे या नोंदींवरच ठरतात.

धुळ्याच्या मामांना फोन लावला. ते हेच संगणकाचं काम करतात. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. "काम सुरूच झालं नाही, की सुरू होऊन अडलं? आधी तेवढं बघ." हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

यंत्राच्या नोंदवहीत, सिसलॉगमध्ये, क्रॉन शोधलं. रात्री 2 ची नोंद होती! पण आज्ञा अर्धवट, तारखेच्या आज्ञेतल्या अधिक चिन्हापाशी तुटलेली. मामा म्हणाले, "पुढे टक्का आहे ना? क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे ओळ संपली. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश टाक." टर्मिनलमध्ये टक्क्याला असा अर्थ नाही, म्हणून दुपारी सगळं सुरळीत झालं होतं. चूक झाल्याचा संदेश क्रॉन मेलने पाठवतो, पण आमच्या यंत्रावर मेलची व्यवस्थाच नव्हती. तो तिथेच टाकून दिला जात होता. आता आज्ञेचं आउटपुट आणि चुका दोन्ही एका फाइलीत जातात.

मामांनी आणखी एक सवय लावली. रात्रीची वाट पाहायची नाही, दोन मिनिटं पुढची वेळ घालून समोर बसायचं. प्रत आली तेव्हा मी फोनवरच ओरडलो.

चार दिवसांनी पुन्हा प्रत नाही. रात्री वीज गेली होती आणि संगणक बंद होता. चुकलेली वेळ क्रॉन मागाहून भरून काढत नाही. ते काम अ‍ॅनाक्रॉनचं. ते मी अजून शिकतोय. तोवर वेळ दुपारी 1 ची ठेवली आहे. तेव्हा यंत्र चालू असतं आणि मीही समोर असतो.