चंद्रताल : लाँग वीकेंडमध्ये न मावणारं तळं

चंद्रतालला जायचं ठरलं की पहिली मारामारी होते ती रजेवरून. शुक्रवारी रात्रीची फ्लाइट, शनिवारी मनाली, रविवारी तलाव, सोमवारी परतीचा प्रवास आणि मंगळवारी सकाळी पुन्हा ‘गुड मॉर्निंग टीम’! एक्सेल शीटमध्ये हे सगळं झकास बसतं. नकाशावर तर फारच झकास. मनाली ते चंद्रताल सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. म्हणजे आपलं पुणे-महाबळेश्वर की!

घोळ आहे तो उंचीचा. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,००० मीटरवर आणि चंद्रताल ४,२५० मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई आहे १,६४६ मीटर. म्हणजे एका दिवसात अख्खं कळसूबाई, आणि वर आणखी सहाशे मीटर, तेही गाडीत बसून चिप्स खात. पाय दुखत नाहीत, त्यामुळे आपण किती चढलो हे शरीराला उशिरा कळतं. आणि कळतं तेव्हा जोरात कळतं.

आम्ही पाच जण उलट्या बाजूनं गेलो. सिमला, मग किन्नौरमधलं कल्पा, मग ताबो, मग काझा. लांबचा रस्ता खरा, पण त्याचा हिशेब बघा : सिमला २,२०० मीटर, कल्पा २,९००, ताबो ३,२८०, काझा ३,६५०. एकेक पायरी चढत गेल्यासारखं. आणि वाटेत टाइमपास म्हणाल तर ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला आहे! बाहेरून मातीच्या ढेकळासारखा दिसतो, आत गेलात की भिंतीभर चित्रं. काझाला आम्ही दोन रात्री काढल्या. दुसऱ्या दिवशी आमच्यातली एक मैत्रीण जिना चढताना धापा टाकायची थांबली, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “अब चलो.”

काझाहून कुंझुम खिंड. साडेचार हजार मीटरच्या वर. इथं कुंझुम मातेचं देऊळ आणि पांढरे स्तूप आहेत, आणि प्रत्येक गाडी त्यांना प्रदक्षिणा घालूनच पुढं जाते. आमच्या ड्रायव्हरनं न विचारता घातली. इथूनच डोंगरातून चंद्रतालला एक पायवाट जाते, आठेक किलोमीटरची. वाटाड्या सोबत असेल आणि उंचीची सवय झाली असेल, तर गाडी पुढं पाठवून चालत जा. आमच्यातले दोघं गेले आणि नंतर दोन दिवस आम्हाला भाव देत होते.

गाडीनं गेलात तरी शेवटचा किलोमीटरभर चालावंच लागतं. पार्किंग अलीकडेच आहे, आणि तंबू त्याच्याही अलीकडे, दोनेक किलोमीटरवर. पूर्वी लोक थेट काठावर तंबू ठोकायचे, आता त्याला बंदी आहे. उत्तम झालं. कारण त्या चालण्यात एक गंमत आहे. तलाव लांबून दिसतच नाही. माती, गोटे, खुरटं गवत, एक उंचवटा, परत गोटे. ‘अरे, आहे कुठं?’ असं कुणीतरी म्हणतंच. आणि मग एकदम खाली निळं.

कुठला निळा ते मी सांगणार नाही, कारण अकराला वेगळा होता, दोनला वेगळा होता आणि ढग आला तेव्हा हिरवाच झाला होता.

हे तळं हिमनदीनं घडवलं. बर्फाची नदी सरकताना खालची जमीन खरवडत नेते आणि माती-दगडांचा ढीग कडेला आणि पुढं टाकत जाते. बर्फ मागं हटलं की उरलेल्या खळग्यात पाणी साचतं. ज्या गोट्यांवरून तुम्ही ठेचकाळत आलात, ते त्याच हिमनदीचं सामान. समोरच्या बाजूला समुद्र टापू नावाची हिमनदी अजून आहे. पण तीही मागं हटतेय, आणि तिच्या तोंडाशी साचलेलं तळं मोठं होत चाललंय, हे उपग्रहांच्या चित्रांवरून दिसलेलं आहे. चंद्रताल कसा जन्मला असेल याची ही चालू आवृत्तीच म्हणा. फक्त यावेळी घाई आपण लावलेली आहे.

इथं करायचं काय? बोटिंग नाही, पोहायला बंदी, मॅगीचा स्टॉलही काठावर नाही. चालायचं! तळ्याला पूर्ण फेरी मारता येते, अंतर तीनेक किलोमीटर. आम्हाला दोन तास लागले, कारण दर दहा मिनिटांनी कुणीतरी बसायचं. पलीकडच्या काठावर गर्दी अजिबात नव्हती. तिथं चक्रवाकाची एक जोडी दिसली, नारिंगी रंगाची, आमच्याकडं साफ दुर्लक्ष करणारी. २००५ मध्ये चंद्रतालला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला तो अशाच रहिवाशांसाठी. ज्यांच्याकडं आणखी तीन-चार दिवस आहेत आणि दम आहे, ते इथून बारालाचा खिंडीपर्यंत ट्रेक करतात. वाटेत बर्फाचं पाणी वाहणारे ओढे आहेत आणि ते पहाटेच ओलांडायचे. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळचा गुडघाभर ओढा दुपारी कमरेला लागतो.

काठावर बसल्या बसल्या एका मैत्रिणीनं पंढरपूर काढलं. तसा संबंध आहेच. या तळ्याचं पाणी चंद्रा नदीला मिळतं. बारालाचाजवळच्या सूरजतालकडून भागा येते. दोघी तांदीला भेटतात आणि तिथून नदीचं नाव होतं चंद्रभागा. तीच पुढं चिनाब. आपली भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, आणि हे तळं चंद्रकोरीसारखं आहे म्हणून चंद्रताल. दोन्ही नद्यांची गाठ कुठंही पडत नाही, पण मैत्रिणीनं आजीसाठी व्हिडिओ काढला तो काढलाच.

आता सहाव्याची गोष्ट. आमचा एक दोस्त बँकेत आहे. त्याला रजा मिळाली चारच दिवस, म्हणून तो मनालीहून टॅक्सी करून त्याच दिवशी थेट कॅम्पवर आला. दुपारी चार वाजता. गाडीतून उतरला तेव्हा ओठ कोरडे, चेहरा पांढरा. “काही नाही रे, थोडं डोकं धरलंय. क्रोसिन घेतो.” पाच वाजता उलटी झाली. सहाला तो बूट घालायला वाकला आणि तोल जाऊन बसला. कॅम्पवाल्यानं त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा बघितला आणि आम्हाला दाखवलासुद्धा नाही. “साहब, इनको नीचे ले जाइए. सुबह का इंतजार मत कीजिए.”

सांगायला सोपं होतं. पण त्या रस्त्यावर ओढे आडवे येतात आणि संध्याकाळी त्यांना सर्वांत जास्त पाणी असतं. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, अंधारात गाडी घालणं म्हणजे वेडेपणा. दुसरा म्हणे, रात्री याच्या छातीत पाणी झालं तर? शेवटी ड्रायव्हरला विचारलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि गाडीची चावी घेतली. मी आणि आणखी एक जण सोबत निघालो, कॅम्पवाल्यानं ऑक्सिजनचा सिलिंडर दिला. बातलला फरक नव्हता. छोटा दर्राच्या पुढं एका ओढ्यात गाडी थांबली आणि आम्ही कोणी बोललो नाही. छत्रूला, साधारण ३,३०० मीटरवर, पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. अर्ध्या तासानं तो म्हणाला, “भूक लागलीय.” इतकं सुंदर वाक्य मी त्याच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही!

चंद्रतालवरचे तारे जगप्रसिद्ध आहेत म्हणतात. मी छत्रूचे पाहिले, तेही काही कमी नव्हते. बँकवाल्यानं चंद्रतालचा फक्त कॅम्प पाहिला. पुढच्या जुलैसाठी त्यानं दहा दिवसांची रजा टाकली आहे. अजून मंजूर झालेली नाही.

तर, जाणार असाल तर जूनचा शेवट ते सप्टेंबर हाच हंगाम. बाकीचे महिने कुंझुम बर्फाखाली. हंगामातही भरवसा नाही : जुलै २०२३ मध्ये अवेळी झालेल्या हिमवृष्टीत जवळजवळ तीनशे पर्यटक चंद्रतालला अडकले होते आणि कुंझुमवरचं बर्फ उपसून त्यांना बाहेर काढावं लागलं. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवाच. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून मनालीहून येणं सोपं झालंय, पण त्याच बाजूनं यायचं असेल तर आधी एक-दोन रात्री लाहौलमध्ये सिस्सू किंवा कोकसरला काढा. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. गोळ्या त्यांना विचारूनच घ्या. पहिल्या दोन दिवसांत दारू नको, पाणी भरपूर. रोख पैसे जवळ ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. बातलच्या चाचा-चाचीच्या ढाब्यावर राजमा-चावल खा. आणि चिप्सची पाकिटं, बाटल्या जशा नेल्या तशा परत आणा. तिथं कचरागाडी येत नाही.