होरेस आणि त्याचे वडील

माझे वडील एका पेढीवर वसुलीचें काम करीत. दिवसभर पायपीट करून ते फी भरावयास स्वतः शाळेंत येत. एकदां एका वर्गबंधूनें, "हे कोण?" असें विचारिलें, तेव्हां "आमच्या ओळखीचे एक गृहस्थ" हें उत्तर माझ्या तोंडून निघून गेलें. वडील दोन हातांवर उभे होते. त्यांनीं तें ऐकलें कीं नाहीं, हें विचारण्याचा धीर मला पुढें कधींच झाला नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं रोमन कवि होरेस याच्या उपरोधिक कवितांचें भाषांतर हातीं आलें. हा कवि इ. स. पूर्वीं ६५ या वर्षीं दक्षिण इटलींतील व्हेनुसिया गांवीं जन्मला. बाप एके काळचा गुलाम. मुक्त झाल्यावर लिलावांतील पैसे वसूल करी. जवळ जमीन बेताचीच, तरी मुलाला गांवच्या शाळेंत न घालतां त्यानें थेट रोमला नेलें. तेथें श्रीमंतांच्या मुलांबरोबर गुलाम असत. होरेसबरोबर बाप स्वतः जाई. पुढें थोरामोठ्यांत वावरूं लागल्यावर लोक हिणवीत, तेव्हां होरेसनें हें सारें उघडपणें लिहून ठेविलें. आईबाप पुन्हां निवडण्याची मुभा मिळाली तरी मी हेच निवडीन, असा त्याचा भाव आहे. तें पान वाचून मीं पुस्तक मिटलें. त्या रात्रीं पुढें वाचवेना.

त्याच्या नशिबाचे फेरे कांहीं थोडे नव्हते. इ. स. पूर्वीं ४२ मध्यें फिलिपीच्या रणांत तो ब्रूटसच्या बाजूनें लढला व ढाल टाकून पळाला. हेंही त्यानेंच सांगितलें आहे. घरची जमीन गेली, खजिन्यांत कारकुनी करावी लागली. मग व्हर्जिल कवीनें त्याची मायकीनसशीं गांठ घालून दिली, व त्या धनिकाच्या कृपेनें सॅबाइन डोंगरांत एक शेतवाडी लाभली. दुसऱ्यानें दिलेल्या वाडींत बसून संतोषाचा उपदेश करणें सोपें, असें कोणी म्हणेल. मलाही तसें वाटलें होतें. परंतु खुद्द ऑगस्टस बादशहानें आपल्या पत्रव्यवहाराचें काम देऊं केलें असतां त्यानें तें नाकारिलें, हें विसरतां येत नाहीं.

लिसिनियस नांवाच्या गृहस्थास त्यानें मध्यम मार्गाचा उपदेश केला: वारा अनुकूल असतांही शिडें आंवरावीं. हाच लिसिनियस पुढें कटाच्या आरोपावरून मारला गेला, असें पुष्कळ विद्वान् मानितात. ल्यूकोनोई नांवाच्या स्त्रीस तो सांगतो कीं, आयुष्याची मर्यादा ज्योतिष्यास विचारूं नये. आजचा दिवस पिकल्या फळासारखा तोडून घ्यावा. तरुणपणीं मला यांत केवळ चैनीचा सल्ला दिसे. आतां वाटतें, जें बोलावयाचें तें आजच बोलावें, एवढेंच तो सांगतो.

मीं हें वाचलें तेव्हां वडील निवर्तून सहा महिने झाले होते. त्यांच्या पेटींत माझ्या फीच्या सर्व पावत्या तारीखवार दोऱ्यांत ओंवलेल्या सांपडल्या; त्या दिवसाचीही त्यांत आहे.