उत्तरपद

यंत्रांशी माझे सख्य कधी जमले नाही. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर विजेच्या मोटारी निवडीत बसावे, हा योग मात्र पत्रिकेत असावा. गेल्या फाल्गुनात आमच्या विज्ञानशिक्षकांची बदली झाली, नवे अद्याप रुजू व्हायचे होते, आणि नववीच्या मुलांचा प्रकल्प मुख्याध्यापक या नात्याने माझ्या गळ्यात पडला.

प्रकल्प होता बीजगोळे फेकणाऱ्या यंत्राचा. आमोण्याच्या परिसरातील टेकड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कारण सांगायला नको. खनिज काढून उरलेल्या मातीचे ढीग, ज्यांना इकडे 'डंप' म्हणतात, इतके उभे व भुसभुशीत असतात की त्यांवर मुले चढविणे धोक्याचे. पावसात ती तांबडी माती शेतांत, ओहोळांत आणि अखेर मांडवीत उतरते. तेव्हा चिकणमाती, शेणखत आणि खैर-करंजाचे बी यांचे गोळे खालूनच उतारावर फेकावे, अशी मुलांची कल्पना. सायकलच्या ट्यूबचे रबर ताणून नळीतून गोळा उडवायचा. म्हणजे गोफणीचीच धाकटी बहीण. परंतु नेम धरण्यासाठी ती नळी आडवी फिरावी आणि उभी कलावी, याकरिता दोन मोटारी हव्या होत्या.

आडव्या फिरकीसाठी मुलांनी स्टेपर मोटर सुचविली. ती एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे दर पावलाला १.८ अंश, त्यापुढे एकास पाच असा पट्टा लावला की पाऊल ०.३६ अंशावर येते. वीस मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर. बियाण्याला त्याची काय पर्वा?

घोटाळा केला तो मी, कलविण्याच्या मोटारीत. नळी सामानासकट तीन किलो. म्हापशाच्या दुकानात सर्व्हो मोटारीच्या वेष्टनावर 'दहा किलो' असे वाचले आणि तिप्पट बळाची वस्तू स्वस्तात मिळाली म्हणून खुशीत घरी आलो. पहिल्याच चाचणीत कर्रकन आवाज झाला आणि आतील दाते झडले. मुले गप्प राहिली. एकाने वेष्टन उचलून शांतपणे वाचले, "सर, इथे किलो-सेंटिमीटर लिहिले आहे."

आयुष्यभर समास शिकविणाऱ्या मी पूर्वपद वाचले आणि उत्तरपद सोडले होते! आसापासून एक सेंटिमीटरवर जी दहा किलो पेलते, ती दहा सेंटिमीटरवर एकच किलो पेलणार. आमच्या नळीचा भार आसापासून पंचवीस सेंटिमीटरवर; तीन गुणिले पंचवीस, म्हणजे आडव्या नळीला पंचाहत्तर. वाया गेलेले पैसे अर्थात मी भरले.

मग त्याच मुलाने विहिरीवरच्या लाटेची आठवण दिली. नळीच्या मागच्या टोकाला दगड बांधला आणि मोटारीवरचा भार बराच उतरला. तरी रबर सुटताना बसणारा हिसका उरलाच. त्यासाठी त्याने वायपरची मोटर आणली. तिच्या आतील मळसूत्र दातेरी चाकाला फिरविते, पण चाक मळसूत्राला सहसा फिरवू शकत नाही. म्हणून वीज बंद असतानाही नळी आहे तिथेच राहते. त्या मोटारीचे कवचच विजेचा एक ध्रुव होते. तारा उलटसुलट जोडून तिला दोन्ही बाजूंनी फिरवायचे तर ती लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवणे भाग. म्हणून ती फणसाच्या फळीवर बसविली. कोन कळावा म्हणून आसाला जुन्या रेडिओतील आवाजाचे बटण जोडले.

मोटर कुठून आणली, हे मी उशिरा विचारले. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मधे काही काळ चालून २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हापासून मुलाच्या वडिलांचा ट्रक अंगणात उभा आहे. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीकडे काम पुन्हा सुरू झाले, पण इतक्या जुन्या गाडीला कोण बोलावणार? मी त्यांना भेटायला गेलो. बॉनेटवर मिरच्या वाळत होत्या.

"मास्तर, मोटर खुशाल वापरा," ते म्हणाले. जरा थांबून पुढे म्हणाले, "फक्त पावसाळ्यानंतर परत द्या. गाडी कधी बाहेर काढायची झाली तर काच पुसायला लागेल."

प्रकल्पाच्या वहीत सामानाची यादी मी माझ्या हाताने लिहिली. त्या मोटारीपुढे 'उसनी' असे लिहिले आहे.